पत्रकावरची पवनचक्की

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुमच्याकडे इतक्या पवनचक्क्या, मग पर्यावरणवाल्यांना तिथे मतं का पडत नाहीत?" मी विषय बदलला. तुम्ही दोघं यंदा पहिल्यांदा मत देणार, म्हणून आता लिहिते. सगळ्या गावांचं मला ठाऊक नाही. आमच्या गावात चूक माझी होती.

तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, शाळेतून निवृत्त झाल्यावर झाडं, पाणी आणि गायरानासाठी झटणाऱ्या एका लहान पक्षातर्फे जिल्हा परिषदेला उभे राहिले. त्यांचं पत्रक मी लिहिलं. मुद्देसूद, शुद्ध. वर पवनचक्कीचं चित्र घातलं तेही मीच. मी तेव्हा धुळ्यात राहायची. पवनचक्क्या फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलेल्या.

"वहिनी, चित्र नको," दीर म्हणाले.

"भाऊजी, जगभर हेच छापतात."

ते पत्रक घेऊन छापखान्यात गेले. माझा शब्द ते कधीच मोडत नसत.

आम्ही प्रचाराला गावातूनच सुरुवात केली. डोंगराखालच्या पहिल्याच घरी एक म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत होती. तिची गुरं चरायची त्या गायरानातून पवनचक्क्यांच्या कंपनीचा रस्ता गेला होता. तिने पत्रक हात लांब करून पाहिलं, मग दिरांकडे; गाव त्यांना नाना म्हणे.

"नाना, तुमना कागदवर बी तोच पंखा? डोंगर आमना, वारा आमना, लाईट कोनले?"

आतून सून म्हणाली, "नाना कंपनीना जावई शेतस!"

गल्ली हसली. दीरही हसले. त्याच गायरानासाठी त्यांनी कचेरीत किती खेटे घातले होते, ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण हसण्यात ते कुणी ऐकलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत 'जावई' गावभर झालं होतं.

निकालात लांबच्या गावांनी, जिथून पाती पांढऱ्या काड्यांसारखी दिसतात, त्यांना बऱ्यापैकी मतं दिली. आमच्या गावाने जवळजवळ नाहीच. मतमोजणीहून परतताना जीपमध्ये ते एवढंच बोलले, "वहिनी, पत्रकाची भाषा चांगली होती."

ते पुन्हा उभे राहिले नाहीत. कचेरीत जाणंही थांबलं. पुढे मी गावी राहायला आले. आता पात्यांची सावली दुपारनंतर माझ्याही अंगणातून फिरते, आणि डोळे मिटले तरी ती कळते. उरलेली पत्रकं मी डब्यांखाली घातली आहेत, चित्र खाली करून.

गायरान गेलं. दिरांच्या दारावरची पक्षाची पाटीही गेली. दीर मात्र रोज चार वाजता चहाला येतात.