झेल मी घेतला होता

अपमान झाला तो माझा. बडनेऱ्याच्या एका बौद्ध घरातल्या, एकवीस वर्षांच्या विकेटकीपर पोरीचा. गेल्या डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे साडेअकरा, अकोल्यातलं मैदान, महिला संघाची निवड चाचणी. वेळ आणि जागा मुद्दाम सांगते. नंतर सगळ्यांनाच विसर पडला.

चेंडू बॅटची कड घेऊन माझ्या उजवीकडे, खाली गेला. मी झेपावले. जमिनीपासून चार बोटं वर असताना तो ग्लोव्हमध्ये बसला. बसला की टप्पा पडून आला, हे कीपरला डोळ्यांनी पाहावं लागत नाही. हाताला कळतं.

अंपायरना खात्री नव्हती. आमच्या सामन्यांना कॅमेरे नसतात. अशा वेळी अंपायर कीपरला विचारतो आणि तिचा शब्द मानतो, ही रीत आहे. त्यांनी विचारलं, "घेतला का, बाई?"

"घेतला, सर."

त्यांचं बोट वर निघालंच होतं. तंबूतून आवाज आला. बॅटिंग करणाऱ्या मुलीचे वडील. मोर्शीकडचे मोठे संत्रा-बागायतदार, निवड समितीचे सदस्य.

"कोणाच्या शब्दावर आउट देऊन राहिले, सर? पयले आडनाव तं विचारा तिचं."

तंबूत हशा पिकला. चाळीसेक माणसं असतील. बोट खाली आलं. नॉट आउट. अंपायरनी माझं आडनाव विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. खेळणारीलाही कड लागल्याचं माहीत होतं, ती नुसती बॅटकडे पाहत राहिली.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा आमचे कोच जवळ आले.

"त्या बॅटिंगवालीपाशी जा. म्हण, टप्पा पडला होता, माझी चूक झाली. तीन वाजता यादी लागते. तुझं नाव आहे त्यात. खोडाले लावू नको."

"टप्पा नव्हता, सर."

"मले माहीत आहे. तरी म्हण."

हा माणूस मला परका नव्हता. अमरावतीच्या राजापेठेत त्यांच्या नेटवर मी तेराव्या वर्षी गेले, ती बॅटिंग शिकायला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात कीपिंगचे ग्लोव्हज दिले. म्हणाले, "तुमच्या लोकायचे गुडघे पक्के. दिवसभर उकिडवं बसाची सवय असते तुमाले."

मला ते कौतुक वाटलं. रात्री जेवताना घरी सांगितलं, हसत. आई तेव्हा लोकांच्या कपाशीत निंदणाला जायची. ती काही बोलली नाही. ताटं उचलली.

आठ वर्षं मी ते कौतुक मिरवलं. आठ वर्षं स्टंपांमागे उकिडवी बसले आणि नवव्या नंबरवर बॅटिंगला गेले. चाचणीच्या यादीतून पुढे वरच्या पातळीचा संघ, त्यातून कधीतरी खेळाच्या कोट्यातली नोकरी. या खेळावरच पोट भरायचं म्हणून कॉलेजचं शेवटचं वर्ष सोडलं होतं. आणि आता "तरी म्हण". तिथं, हातात पाण्याचा ग्लास असताना मला कळलं. यांना माझे गुडघे चालतात. माझा शब्द चालत नाही.

म्हटलं, "नाही म्हणत."

"मंग ग्लोव्हज काढ. दुसरी उभी करतो."

"कारण लेखी द्या. मंग काढीन."

कोचनी बाकीच्या पोरींकडे पाहिलं. "कीपिंग कोण करते वं?" एकीचाही हात वर झाला नाही. मी परत स्टंपांमागे जाऊन बसले. डाव संपेपर्यंत बायची एकही धाव दिली नाही. जिथं अपील करायचं तिथं केलं, घसा फाडून. ती मुलगी सत्तरच्या वर गेली. आमची बॅटिंग आली तेव्हा मला अकराव्या नंबरवर टाकलं. एक चेंडू खेळायला मिळाला नाही.

तीन वाजता यादी लागली. तिचं नाव होतं. माझं नव्हतं.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू गुडघ्याचं सांगत होती, मले तवाच समजलं होतं. मीच चूप राहिली. तू नको राहू."

नाही राहिले. क्रिकेट संघटनेकडे लेखी तक्रार दिली. दोन महिन्यांनी उत्तर आलं: तक्रारीला साक्षीदार नाही.

म्हणून हे पत्रक छापून वाटते आहे. तंबूत चाळीस माणसं होती. अमरावतीची, अकोल्याची, मोर्शीची. मैदानात माझ्याच बाजूच्या दहा पोरी होत्या. यातलं कोणीतरी हे वाचत असणार. तुम्हाला माझं वाईट वाटलं असेल, तर ते तुमच्यापाशीच ठेवा. पानटपरीवर "पोरीवर अन्याय झाला" म्हणणारे मला खूप भेटले, साक्षीचा कागद मागितला की सगळ्यांना घाई असते.

या डिसेंबरात मी पुन्हा चाचणीला जाणार आहे. कीपर म्हणून, आणि चौथ्या नंबरची बॅटर म्हणून. अर्जावर तसंच लिहिलं आहे. तिथं कोणी माझा शब्द पुन्हा तोलणार असेल, तर गेल्या वर्षीचा हिशेब आधी समोर ठेवीन.

त्यासाठी तुमचा कागद पाहिजे. त्या दिवशी साडेअकराला तुम्ही काय पाहिलं आणि काय ऐकलं, ते लिहा. अर्धं पान पुरे. खाली सही करा आणि चाचणीच्या आधी माझ्या हातात आणून द्या. हसला असाल, तर तेही लिहा.