लूम थांबले त्या दुपारी

कामतघरला आमच्या घरात हळू कोणी बोलतच नसे. मागच्या भिंतीला लागून कापड विणायच्या लूमचा कारखाना. जेवताना मीठ हवं असलं तरी ओरडून मागायचं. त्याच खडखडाटात अभ्यास करून ताई बी.ए. झाली आणि दिल्लीच्या विद्यापीठात शिकायचं म्हणून हटून बसली. केंद्र सरकारचं, अख्ख्या देशाचं विद्यापीठ म्हणे. प्रवेश परीक्षा मात्र दिल्लीतच. तसलं एकही विद्यापीठ तेव्हा आमच्या राज्यात नव्हतं. आठवलं की आजही डोकं फिरतं माझं.

बाबा शाळामास्तर. "पोरीला एवढ्या लांब?" करत करत एकदाचे तयार झाले, सोबत जायला.

निघायच्या दुपारी सामान दारात होतं. आईनं दशम्या बांधल्या होत्या. संध्याकाळी कल्याणहून गाडी होती. आणि एकाएकी लूम थांबले.

वर पंखा फिरत होता, म्हणजे लाइट होती. लाइट असताना लूम बंद? मागच्या दंगलीत अस्सेच थांबले होते, आणि मग गल्लीत धूर आला होता. बाबांनी चपला आत घेतल्या, कडी घातली. बाहेर शटरं धडाधड पडली. कोणीतरी ओरडत पळालं, "कुछ हुआ है, घर जाओ!" काय झालंय, ते कुणालाच माहीत नव्हतं.

"बाबा, रिक्षा तरी बघू," ताई म्हणाली. "कोन गावापर्यंत पोचलो की पुढे कल्याण जवळच..."

"गप बस. जीव नकोसा झालाय का?"

"परीक्षा पुन्हा वर्षानं आहे, बाबा."

"मग वर्षानं दे."

वर्षाच्या आत तिचं लग्न उरकायचं, हे घरात ठरलेलं होतं. तिलाही ते माहीत होतं.

आम्ही भिंतीकडे बघत बसलो. आईच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येत होत्या. मला उगाचच जळका वास येत होता आणि भयंकर भीती वाटत होती.

रात्र पडल्यावर एक लूम सुरू झाला, मग दुसरा, मग सगळी भिंत थरथरायला लागली. कारखान्याचा मुकादम दारात येऊन सांगून गेला. कारखान्यांची लाइन वेगळी, तिचा ट्रान्सफॉर्मर जळला होता. बस्स, एवढंच. गाडी केव्हाच कल्याण सोडून गेली होती.

"देवाची कृपा, काही झालं नाही," बाबा म्हणाले.

ताईनं दशम्यांचं फडकं सोडलं, सगळ्यांना वाढलं. दिल्लीतल्या पोरी त्या परीक्षेला घरून जेवून, सिटी बसनं जाणार होत्या. ताई खाली मान घालून काहीतरी पुटपुटली. खडखडाटात मला कळलं नाही.

"काय?" मी ओरडून विचारलं.

"काही नाही. मीठ दे."