हिराकाकीचं विरजण

दुधात विरजण घालताना तो आंबूस वास आला, की मी भिवंडीच्या आमच्या जळक्या घरात जाऊन उभी राहते. सत्तरच्या सुमाराची दंगल. कित्येक महिने अंबाडीला मामाकडे काढून आम्ही परतलो, तर छप्पर नव्हतं, कापड विणायचे लूम जळून काळे पडले होते. अम्मी उंबऱ्यावरच बसली. शेजारची हिराकाकी पदराआड वाटी घेऊन आली.

"तूच दिलेलं विरजण हाय गं. मोडू न्हाय दिलं, रोज लावलं."

अम्मीनं वाटी हुंगली. "अल्लानं एवढं राखलं, बाकीचंही देईल," म्हणाली, आणि काकीच्याच पातेल्यात तिनं दूध विरजलं.

"उद्या दही खाऊ हं," अम्मी मला म्हणाली.

घर सुटल्यापासून आमच्यात 'उद्या' कुणी म्हटलंच नव्हतं.