वैजनाथरावांची पहिली सही

औशात वैजनाथराव कंडक्टरांचं नाव निघालं की लोक जरा आदरानंच बोलतात. एकतीस वर्षं ते एसटीत होते, त्यातली निम्मी औसा–शिरूर अनंतपाळ गाडीवर. त्या काळात गाडीत विसरलेली एकही वस्तू मालकाला मिळाली नाही असं झालं नाही. एका म्हातारीची टोपलीतली कोंबडी त्यांनी दोन दिवस घरी दाणे टाकून सांभाळली, आणि परत देताना तेवढ्यात तिनं घातलेली दोन अंडीही सोबत दिली. असा माणूस गल्लीत असला की गल्लीला बरं वाटतं, आणि त्या माणसाला स्वतःला तर जरा जास्तच बरं वाटतं.

निवृत्तीनंतर त्यांनी जुनी व्हॅन घेतली. तिचं ऑइल मात्र ते घरीच बदलत. गॅरेजवाले फसवतात, असं त्यांचं ठाम मत होतं. गल्लीच्या तोंडाशी भीमाचं गॅरेज होतं आणि भीमानं आजवर कुणाला फसवलेलं नव्हतं, तरी मत ते मत. भीमाकडून फक्त नवा फिल्टर घ्यायचा, रविवारी सकाळी सतरंजी टाकून व्हॅनखाली शिरायचं, आणि घमेल्यात जळकं ऑइल पडताना समाधानानं बघत राहायचं.

ते घमेलं कुठं रिकामं करायचं, हा प्रश्न होता. मोरीत ओतायला बायकोनं, उज्ज्वलाबाईंनी, पहिल्याच दिवशी मनाई केली. मग त्यांना गल्लीच्या बोअरशेजारचा पुनर्भरणाचा खड्डा दिसला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या दुष्काळानंतर वैजनाथरावांनीच घरोघर फिरून, लोकांना हाताशी धरून तो खणून घेतला होता. खाली दगडगोटे, मधे खडी, वर वाळू. पावसाचं गढूळ पाणी त्यातून गाळून बोअरला मिळायचं. एवढा चिखल गाळला जातो तर ऑइल का नाही गाळलं जाणार, असं त्यांना वाटलं. कुणाला विचारावं असं काही मनात आलं नाही. विचारायची सवयच राहिली नव्हती. सहा वर्षं, दर चार महिन्यांनी, वाळू ते ऑइल मुकाट्यानं पिऊन टाकत होती.

यंदा उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि तुळजाबाई घागर घेऊन गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या. भीमाच्या गॅरेजची जागा त्यांचीच, त्याला भाड्यानं दिलेली. घागरीत पाण्यावर रंगीत तवंग होता, आणि वास तर लपण्यासारखा नव्हताच.

"च्या करावा तर राकेलाचा वास मारायलाय," तुळजाबाई म्हणाल्या. "हे त्या भीमाचंच काम हाय. दिसभर ऑइलात हात त्याचे."

सगळ्यांनी मान डोलावली. वैजनाथरावांनी घागरीत वाकून बघितलं. त्यांना त्याच क्षणी कळलं. खड्ड्यापासून बोअर दहा पावलांवर होता.

भीमा हात पुसत आला. म्हणाला, "माझ्याकडं डरम हाय. नांदेडचा माणूस म्हैन्याला येऊन जळकं ऑइल भरून नेतो, पुन्हा शुद्ध करायच्या कारखान्याला देतो. एक थेंब बी भुईवर जात न्हाई." पण त्याचं ऐकायला कुणी थांबलेलंच नव्हतं. गॅरेज उठवावं असा गल्लीचा अर्ज, जागेच्या मालकीण म्हणून तुळजाबाईंनाच उद्देशून, लिहिला गेला, आणि कागद सगळ्यात आधी वैजनाथरावांच्या हातात आला. पहिली सही त्यांचीच हवी, म्हणजे कागदाला वजन येतं.

त्यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

पुढचे चार दिवस भीमा सामान बांधताना दिसला की ते दुसऱ्या बाजूनं जायचे. पाचव्या दिवशी ते तुळजाबाईंकडे गेले आणि जीभ रेटत नसतानाही सांगून टाकलं, की ऑइल माझं, खड्ड्यात मीच ओतलं.

तुळजाबाई हसल्या. "भावजी, तुमचं मन लई मोठं. त्या पोराचं पोट मारलं जातंय म्हणून स्वतःवर घ्यायलाव व्हय? आमी काय येडे हाव?"

क्षणभर त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून त्यांना स्वतःची अशी किळस आली की ते चहा न घेताच उठले.

घरी जाऊन त्यांनी टिकाव आणि फावडं काढलं. भर सकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ते खड्डा उकरू लागले. वरची वाळू बरी होती. हातभर खाली गेल्यावर मात्र खडी काळीकुट्ट, चिकट निघाली आणि ऑइलचा उग्र वास गल्लीभर सुटला. लोक दाराबाहेर आले. वैजनाथराव घामानं निथळत सांगत होते, "बघा. ही माझ्या व्हॅनची घाण हाय. सहा वर्सांची." तुळजाबाईंनी तोंडाला पदर लावला. आता हसायला कुणी तयार नव्हतं.

"भीमा, तू कुठं जाऊ नको," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "त्यो कागद मी फाडते."

भीमा टेम्पोत शेवटची पेटी ठेवत होता. तो खड्ड्याशी आला, एक खडा उचलून हुंगला आणि खाली टाकला.

"मला ठाऊक होतं, काका. फिल्टर माझ्याकडून न्यायचे, जळकं ऑइल कधी माझ्या डरमात आणून टाकलं न्हाई."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तुमच्यापुढं माझं कुणी ऐकलं असतं?" भीमा शांतपणे म्हणाला. "ही खडी पोत्यात भरून ठेवा, पुन्हा भुईत गाडू नका. नांदेडच्या माणसाचा नंबर देतो, त्याला इचारा काय करायचं. लातूरला रिंग रोडवर जागा बघितली म्या, तिकडंच चाललो."

"माफ कर रे. मला खरंच कळलं नव्हतं."

"ऑइलाचं न्हाई कळलं, हे मी मानतो," भीमा म्हणाला. "सही करताना तर कळलं होतं ना?"

टेम्पो सुरू झाला. वैजनाथराव खड्ड्यात उभे होते, आणि गल्लीतलं एकही माणूस घरात जायला तयार नव्हतं.