पाचशे अठ्ठ्याहत्तर नंबरचा आजार

घाटकोपरच्या इस्पितळात मला नोकरी लागली तेव्हा आईला वाटलं, मुलगी आता लोकांच्या जखमा बांधणार. कसल्या जखमा! माझं काम आजारांना नंबर लावायचं. डॉक्टरांनी केसपेपरवर आजाराचं नाव लिहायचं आणि मी जाड इंग्रजी पुस्तकात ते शोधून त्याचा आकडा टाकायचा. जगभर म्हणे तेच आकडे चालत.

पोटाच्या आजारांत अगदी शेवटी एक नंबर होता, पाचशे अठ्ठ्याहत्तर. आतड्यांच्या ज्या दुखण्याला दुसरीकडे कुठे जागा नाही, ते इथे टाकायचं. आम्ही त्याला अडगळीची खोली म्हणायचो. हेडक्लार्कना हा नंबर डोळ्यांसमोर नको असे. "असले आकडे वाढले की आपल्या डॉक्टरांना काही कळत नाही असं वर दिसतं," असं ते कुरकुरायचे.

आमच्या डॉक्टरीणबाई मात्र बिनदिक्कत लिहायच्या, 'आतड्याचा आजार, प्रकार कळलेला नाही.' बाकीच्यांचा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे. पोट दुखलं की काहीतरी भारदस्त नाव ठोकून मोकळे. बाईंचं मला म्हणूनच फार कौतुक वाटायचं, आणि अजून वाटतं.

एकदा कुर्ल्याच्या चाळीतली एक सून भरती झाली. ताप, जुलाब, अंगात मांस म्हणून उरलं नव्हतं. चाळीने निदान केव्हाच करून टाकलं होतं, टीबी. तिचं मूल अजून अंगावर पीत होतं. टीबी ठरला तर मूल इथे ठेवायचं आणि हिला त्या काळी कोकणात जायची त्या बोटीत बसवून माहेरी धाडायचं, असं घरात ठरलंसुद्धा होतं. ती पोरगी खाटेवर पडून दाराकडे बघत राहायची. मूल कुणी भेटायलाही आणत नव्हतं. मला तिच्या सासूचा इतका राग यायचा की बस्स.

तीच सासू एका सकाळी माझ्या खिडकीशी आली. "बाये, खरा काय ता सांग. टीबीच लिवलो हा ना?"

मी डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्या म्हणाल्या, "मावशी, तिला काय झालंय ते मला अजून माहीत नाही."

"डाक्टर असान म्हायत नाय?"

"नाही. शोधतेय. कळेपर्यंत टीबी हा शब्द कुणी काढायचा नाही."

सासू खिडकीला आणखी खेटली. मग अगदी पडेल आवाजात म्हणाली, "मगे चाळीत काय सांगू? लोक इचारतत."

तेव्हा कुठे माझा राग जरा उतरला. बिचारीला चाळीचंच भय होतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हिला नंबर काय दिलायस गं?"

"पाचशे अठ्ठ्याहत्तर."

"मावशी, सांगा पाचशे अठ्ठ्याहत्तर झालाय म्हणून. सरकारी पुस्तकातला नंबर आहे."

म्हातारी तो आकडा घोकत घोकत गेली. चाळीत तिने तो असा काही ऐकवला की सगळे थंड! या नावाचा आजार कुणाच्या सात पिढ्यांत झाला नव्हता, तेव्हा घाबरायचं तरी कसं? दुसऱ्याच दिवशी मूल आईला भेटायला आलं.

इकडे बाई रोज शौचाची तपासणी करायला लावत होत्या. तपासणारा वैतागला, तरी त्यांनी सोडलं नाही. शेवटी जंतू सापडले, आमांशाचे. इंजेक्शनं सुरू झाली आणि पोरगी हळूहळू माणसात आली. मी जुना आकडा खोडून नवा टाकला.

सासूला हे बिलकूल पसंत पडलं नाही. "आव? आव तर कोणाकय पडता!" एवढा मानाचा आजार गेल्याचं तिला वाईटच वाटलं. पण सुनेला घेऊन ती कुर्ल्यालाच गेली, बोटीवर नाही.

पुढे काही महिन्यांनी ती पुन्हा खिडकीशी उभी. मागे चाळीतलीच एक बाई, सुकून काटकी झालेली, पदराने तोंड झाकून. तिचा हात सुनेने धरला होता. सुनेच्या कडेवर मूल होतं.

सासू खिडकीतून आत वाकली आणि हळूच म्हणाली, "बाये, हिका आदी तो पाचशे अठ्ठ्याहत्तर देवा. मगे सावकाश काय ता शोधा."