काळ्या माशाची नेमणूक

दृष्टी ही या विश्वातली सर्वांत प्रबळ शक्ती आहे. तिच्या आघाताने दूध फाटते, उभे पीक काजळते आणि नव्या घराच्या भिंतींना भेगा पडतात. माशांच्या दुकानातल्या हिरवट उजेडात, बुडबुड्यांच्या मंद गुळगुळ आवाजात आणि ओल्या वाळूच्या वासात मी हे ऐकले तेव्हा क्षणभर मलाही ते खरे वाटले. सांगणारे गृहस्थ वास्तुतज्ज्ञ होते. चिखलीतल्या आमच्या नव्या घराच्या भेगा गवंड्याने सिमेंटमध्ये केलेल्या काटकसरीमुळे पडल्या, अशी माझी समजूत. पण काटकसरीवर उपाय नसतो आणि दृष्टीवर असतो. तो उपाय काचेच्या टाकीत होता: मखमलीसारखा काळाकुळकुळीत मासा, दोन्ही डोळे शर्टाच्या बटणांसारखे बाहेर आलेले. त्याने थेट दारासमोर, दिव्याखाली राहायचे. येणाऱ्याजाणाऱ्याची वाईट नजर आधी त्याच्यावर पडेल आणि तो ती गिळून टाकेल. नेमणूक झाली. ज्याची झाली त्याला कोणी विचारले नव्हते. त्याने घरच्या टाकीत सोडताक्षणी प्लॅस्टिकच्या झाडामागे तोंड खुपसले.

तुम्ही कधी भ्यालेला मासा पाहिला आहे? तो ओरडत नाही, थरथरत नाही. पर अंगाशी आवळून तळाशी पडून राहतो, कल्ले तेवढे भराभर उघडमीट करतात. दाणे टाकले तर ते त्याच्या पाठीवरून घरंगळून वाळूत जातात. निवृत्तीनंतर मी ज्याच्याकडे राहते तो माझा धाकटा भाऊ सुधाकर आडत दुकान चालवतो, आणि मालाचा ढीग पाहिला की हात घालून पाहायचा ही त्याची व्यवसायातली सवय. इथे हात घालता येईना म्हणून तो काचेवर अंगठीने टकटक करी. "काऊन लपून राह्यला बे? बाहेर ये ना!" मासा आणखी आत. "पाह्य ताई, रविवारी वास्तुशांतीले निम्मी चिखली येऊन राह्यली, अन् हा पाठ दाखवते. लपनारा मासा अशुभ असते म्हने. रविवारपर्यंत नाही निंघाला, तर दुसरा आनतो. याले मळ्यातल्या हिरीत सोडून देऊ."

मळ्यातल्या विहिरीत या दिवसांत चिखल होता.

मी त्या दुपारी टाकीचा दिवा बंद केला. चारही बाजूंनी वर्तमानपत्रे चिकटवली, फुटक्या माठाचा अर्धा तुकडा घासून आत पालथा घातला आणि सुधाकरला सांगितले की याला हात लावायचा तर आधी माझ्याशी बोलायचे. इतक्या वर्षांच्या शिक्षकी पेशात मी फळा पुसला तेवढीच बंडखोरी केली असेल. पण कुणा भ्यालेल्या जिवाला पहारेकरी नेमायचे आणि तो भ्याला म्हणून त्यालाच अशुभ ठरवायचे, हा न्याय मला गिळता येईना. नव्या जागी आलेल्या जिवाचा पहिला हक्क कोणता? दिसण्याचा? छे! लपण्याचा. व्यासपीठावरचे सत्कारमूर्ती आठवून पाहा. शाल अंगावर, नारळ मांडीवर, शंभर डोळे रोखलेले, आणि बिचारे पाण्याच्या बाटलीआड तोंड लपवायला जागा शोधत असतात. त्यांना कोणी अशुभ म्हणत नाही, कारण त्यांच्यानंतर जेवण असते.

मला मंगल आठवली. सुधाकरची ही बायको डोणगावहून लग्न होऊन आली तेव्हा साऱ्या गल्लीच्या बायका तिचा पदर कपाळापर्यंत उचलून तोंड पाहत होत्या. नाक, रंग, दात, सगळ्यांवर अभिप्राय. तिसऱ्या दिवशी ती कुठे दिसेना. सापडली तेव्हा गव्हाच्या कोठीमागच्या अंधारात गुडघ्यांत तोंड घालून बसलेली होती. त्या अंधाराने तिचे काय बिघडवले? आज तिच्या आवाजाने भाजीवाला दोन गल्ल्या आधीच भाव उतरवतो.

पण त्याच मंगलने, आणि तेही मायेपोटी, शनिवारी त्या माशाचा जीव जवळजवळ घेतला. आमच्याकडे नळ रोज येत नाही. बरेच दिवस वाट पाहायला लावून येतो, आणि आला की सणासारखा येतो. घरातली यच्चयावत भांडी रिकामी करायची, घासायची, ताजे पाणी भरायचे. शिळा थेंब घरात ठेवणे म्हणजे आळसाची जाहिरात. मी अंगणात आले तर ओसरीवरचा शिळ्या पाण्याचा ड्रम ओतून द्यायला कलता केलेला, आणि आत मंगल टाकीतले पाणी उपसून वर तांब्याने ताजे ओतते आहे. त्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास डोळ्यांत झोंबेल इतका. मासा माठाबाहेर आला होता खरा, पण एका अंगावर कलून, तोंड पाण्यावर काढून.

"थांब मंगल! तांब्या ठेव खाली!"

"अवो ताई, घरात नवा जीव आला, त्याले शिळं पानी पाजता का? लोक काय म्हनतीन?"

मी ड्रमला पाठ लावून उभी राहिले. सांगितले, ही पावडर आपल्या पोटात मुरते, त्याच्या कल्ल्यांना जाळते. पाणी दिवसचे दिवस साठून राहिले की ती उडून जाते, म्हणून याला हेच शिळे हवे. नळाच्या दिवशी शिळे पाणी पाठीशी घालून उभी असलेली बाई सबंध गल्लीने पहिल्यांदाच पाहिली असेल. मंगल कलंडलेल्या माशाकडे पाहत राहिली. मग तिने झोंबणारे पाणी उपसायला घेतले आणि मी शिळे ओतत गेले. संध्याकाळपर्यंत तो सरळ झाला आणि माठाच्या तुकड्याखाली शिरला. मंगल फक्त एवढे म्हणाली, "कोठीमागं गेला."

रविवारी हॉल माणसांनी भरला. सुधाकर घाम पुसत टाकीपाशी आला आणि वर्तमानपत्राचा कोपरा सोडवू लागला, तोच आतून मंगल तिचे जुने सुती लुगडे घेऊन आली आणि तिने अख्खी टाकी वरपासून खालपर्यंत झाकून टाकली.

"हे काय बे?" कुणीतरी विचारले. "आत काय हाय?"

"बाळंतीन हाय," मंगल म्हणाली. "नवीनच आली. हळू बोला."

आणि काय सांगू! वास्तुतज्ज्ञांच्या शास्त्राला जे साधले नसते ते या एका शब्दाने साधले. एक हसली, दुसरीने तिला गप्प केले, आणि बाळंतिणीच्या खोलीवरून जावे तशा बायका पदर सावरत, आवाज उतरवत टाकीसमोरून गेल्या. स्वतः वास्तुतज्ज्ञही दोन पावले मागे सरले. सुधाकरने सोडवलेला कोपरा गुपचूप अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवला. विहिरीची गोष्ट त्यानंतर निघाली नाही.

पाहुणे पांगल्यावर काही दिवसांनी, दुपारच्या निवांतपणात, मी लुगड्याची कड उचलली, एका बाजूचे वर्तमानपत्र सोडवले आणि टाकीचा दिवा लावला. तोच हिरवट उजेड, तीच गुळगुळ. चिमूटभर दाणे टाकले. माठाखालून काळे मखमली अंग सरकत बाहेर आले. त्याने एक दाणा चोखला, थुंकला, पुन्हा चोखला आणि गिळला. मग तो थेट काचेशी आला आणि आपले दोन्ही बटबटीत डोळे माझ्यासमोर धरून स्थिर राहिला. किती वेळ आम्ही एकमेकांकडे पाहत होतो! भय ओसरल्यावर एका जिवाने दुसऱ्याला दिलेली ती नजर. मला वाटले, दृष्टी ही खरोखरच या विश्वातली प्रबळ शक्ती असावी.

पुढे दाणे संपले म्हणून माशांच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराला हे सांगितले. तो म्हणाला, या जातीच्या माशाला फारसे दिसत नाही.