नित्या म्हणाला "सोड" आणि मी सोडला

मंडळी, आत्ताच पिकलबॉल (तो बॅट आणि प्लास्टिकच्या बॉलचा नवा खेळ) खेळून घरी आलोय आणि डोकं फिरलंय.

नित्या माझा बॅडमिंटनचा पार्टनर. डोंबिवलीत कॉलेजपासून आम्ही डबल्स एकत्र खेळलो. मी पुढे, तो मागे. शटल बाहेर जाणार असलं की तो मागून ओरडायचा, "सोड!" मी वळूनही न बघता सोडून द्यायचो.

आज कल्याणच्या नव्या पिकलबॉल कोर्टवर गेलेलो, तर साहेब दुसऱ्यालाच पार्टनर घेऊन समोर उभे! "अरे, हा टेबल टेनिसवाला आहे. हात हलका आहे याचा. तू नुसता स्मॅश मारत सुटतोस."

हे मला तिथे, सगळ्यांसमोर कळलं.

मीही इरेला पेटलो. कोणालातरी सोबत घेऊन गेम बरोबरीत आणला. शेवटी नित्याने माझ्या डोक्यावरून उंच बॉल टाकला आणि जाळीपलीकडून ओरडला, "सोड!"

मी हात खाली केला. बॉल लाइनच्या आत पडला.

"सवयीने निघालं रे तोंडातून," म्हणे. मग त्या टेबल टेनिसवाल्याला टाळी कसली दिलीस?

बॅडमिंटनचं पिकलबॉलमध्ये काय कामाला येतं, विचारता ना? मनगट माझ्या कामाला आलं. माझा भरवसा त्याच्या.

उद्या तो पुन्हा माझ्या मागे उभा राहून "सोड" म्हणाला, तर मी काय करू, सांगा.